डावीकडचा शेवटचा खिळा

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला कशाचा नेमका आकडा सांगितला नाही. किती वाजले म्हणून विचारलं, तर भिंतीवरच्या घड्याळाकडं नीट बघून म्हणायचे, "दहाच्या आसपास." घड्याळात दहाला सात कमी असायची, ती त्यांना दिसायचीसुद्धा. एकदा एका पाहुण्यानं विचारलं, मुलं किती तुम्हाला? "चारच्या आसपास," मास्तर म्हणाले, आणि आतून त्यांच्या बायकोनं कढईवर झारा आपटला. तिला आम्ही गल्लीतली सगळी पोरं खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. मुलं चारच होती. पण सवय ती सवय.

उमरग्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. स्वतः शाळेत सातवीपर्यंतच गेलेले. उंच, मशिनीवर बसून बसून पाठीत वाकलेले, दाढी मेंदीनं लाल, आणि कानावर कापडावर रेघा मारायचा निळा खडू. तो खडू तिथं ठेवून ते नमाजाला जायचे, जेवायचे, एकदा तर म्हणे लग्नातही तसेच गेले. गावातली माणसं त्यांना तोंडावर 'आसपास मास्तर' म्हणायची. त्यांना त्याचा राग नव्हता. "नेमकं वरच्याला ठाऊक," म्हणायचे, "आपन आसपासचं बोलावं. आसपासचं लई कमी वेळा चुकतं."

आता त्यांची मोठी खोड सांगते. हा शिंपी माप घेत नसे. म्हणजे नवरदेवाचा कोट असला तर घेत, तेवढे वेडे नव्हते. पण शाळेच्या गणवेशाला टेप हातात धरत नसत. गावातल्या मुलींच्या शाळेत दरवर्षी पाचवीत दोनशेच्या आसपास (बघा, मलाही लागलंय) मुली नव्यानं यायच्या. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. शाळा जूनमध्ये भरणार, कपडे मे महिन्यातच तयार पाहिजेत. न बघितलेल्या मुलींचे कपडे शिवायचे, तेही आधीच.

ते असं करायचे. शाळेकडून नावांची यादी आणायची, चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकायच्या, डोळे मिटून तीस काढायच्या. त्या तीस मुलींना सरबताला बोलवायचं. खाला लिंबाचं सरबत करायची, मुली दुकानाच्या दारात उभ्या राहून प्यायच्या, आणि मास्तर मशिनीमागून बघत बसायचे. दाराच्या चौकटीवर त्यांनी इंचाइंचाच्या बारीक खुणा कोरल्या होत्या. मुलींना वाटायचं सरबताला बोलवलंय. "टेप लावली की पोर दम कोंडून उभी राहती," ते म्हणायचे. "शरबत पिताना पोर खरी आसती."

तीस मुलींवरून दोनशेंचा अंदाज. हे त्यांना सोलापूरच्या एका कारखान्यात जुन्या कटिंग मास्तरनं शिकवलेलं. त्यानं दिलेला एक कागद मास्तरांनी काचेखाली ठेवला होता, पार पिवळा पडलेला. त्यावर शाईनं काढलेला एक डोंगर. मधे उंच, दोन्हीकडं उतरत गेलेला, आणि खाली आकडे. पुढं मी कॉलेजात हाच डोंगर 'प्रसामान्य वितरण' या नावानं शिकले, पण मास्तरांच्या भाषेत त्यात दोनच गोष्टी होत्या, मध आणि पसारा. मध म्हणजे सरासरी, त्रेपन्न इंच. पसारा अडीच इंच. मधापासून एक पसारा इकडं, एक तिकडं, एवढ्यात दोनशेतल्या एकशे पस्तीस मुली बसायच्या. दोन पसाऱ्यांत एकशे नव्वद. उरल्या दहा, पाच बुटक्या, पाच उंच. मग ते त्या हिशेबानं शिवत बसायचे, आणि जूनमध्ये तीन-चार कपडे इकडचे तिकडं झाले तर झाले. तेवढी उसवाउसव करायला त्यांना आवडायचीही.

शिवून झालेले कपडे ते भिंतीवर ओळीनं ठोकलेल्या खिळ्यांना अडकवायचे. डावीकडं लहान मापं, उजवीकडं मोठी, प्रत्येक खिळ्यावर इंच लिहिलेले. कडेच्या खिळ्यांना एकेक, मधल्या खिळ्यांना पंचवीस-तीस. मे महिन्याच्या शेवटी त्या भिंतीला पोट यायचं. दुपारी हैदराबाद रस्त्यानं ट्रक गेला की धुळीची झुळूक आत यायची आणि सगळे पांढरे शर्ट एकदम हलायचे. मी तिथं चिंध्यांच्या ढिगावर पडून अर्धवट झोपेत ते बघितलंय, कितीतरी वेळा. बाह्या हलताहेत, आत कुणीच नाही. कुठंतरी कुणी मुलगी आंबा खात असेल, कुणी भांडत असेल, कुणाला अजून माहीतसुद्धा नसेल आपण या शाळेत येणार म्हणून, आणि तिचा शर्ट इथं आधीच येऊन हलतोय. मला ते फार गोड वाटायचं. आजही वाटतं.

सीताफळांचं सांगायला पाहिजे. माझ्या पाचवीतल्या दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी दोन पाट्या सीताफळं आणली आणि गल्लीतल्या पोरांना सांगितलं, पोटभर खा, पण बिया मोजायच्या. ज्याच्या फळात जितक्या बिया, त्या आकड्यासमोर त्यानं एक गुंडी ठेवायची. फरशीवर खडूनं आकडे लिहिलेले, पोरं चिकट हातांनी गुंड्या मांडताहेत, खाला ओरडतेय की गुंड्यांना मुंग्या लागतील. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाळीसच्या आसपास गुंड्यांची चळत झाली आणि दोन्ही बाजूंना उतरत गेली. कुणी ठरवलं नव्हतं. "बगा," मास्तर म्हणाले, "झाडाला कुनी शिकवलं का?"

एक गुंडी मात्र लांब डावीकडं एकटीच पडली होती. त्या फळात अकराच बिया निघाल्या होत्या. एक पोरगा म्हणाला, "मास्तर, हे चुकलंय. काढून टाकू का?"

"का रं?" मास्तर एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच बघितलं. "झाडालाच लागलं हुतं ना ते? ऱ्हाऊ दे तिथंच."

मी त्या गुंडीकडं बघत बसले. सगळ्यांना माहीत होतं मी का बघतेय ते.

कारण मी तशीच होते. आजही आहे. डॉक्टरांनी हार्मोनचं काहीतरी सांगितलं होतं, ते आईला पाठ होतं, मला त्यात कधी रस वाटला नाही. दहा वर्षांची झाले तेव्हा माझी उंची त्रेचाळीस इंच होती, पाच वर्षांच्या पोरीएवढी. आम्ही आधी अणदूरच्या बाजूला राहायचो. चौथीत तिथल्या शाळेत गणवेशाचं माप घ्यायला एक शिंपी आला, पटांगणात सगळ्या वर्गाची रांग लावली. माझ्यापाशी आला, टेप माझ्या खांद्यापासून खाली सोडली, आणि गुरुजींकडं वळून म्हणाला, "हिला काय शिवू? बाहुलीचं झबलं?" रांग हसली. गुरुजी हसले. शिंप्याला काय, तो पुढं सरकला. मी त्या दिवसापासून शाळेत गेले नाही. वार्षिक परीक्षेपुरती आईनं ओढत नेली तेवढीच.

मग आईला उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्सचं काम लागलं आणि आम्ही इथं आलो. वडील ट्रकवर, ते महिन्यातनं दोनदा दिसायचे. मे महिन्यात आईनं माझं नाव मुलींच्या शाळेत घातलं, आणि मी सांगून टाकलं, मी जाणार नाही. मापाची रांग असेल तर नाहीच. आई म्हणाली, अगं इथले मास्तर मापच घेत नाहीत. मी म्हटलं, मग मला त्यांचं बसणार कसं? दोन्हीकडून माझंच खरं होतं. आई रोज समजवायची, मी रोज नाही म्हणायचे, आणि मला आठवतंय, मी अगदी ठरवूनच टाकलं होतं. घरी राहायचं. शाळा हा विषय माझ्यापुरता संपला होता.

शाळा भरायच्या दोन दिवस आधी आईनं मला जवळजवळ उचलूनच दुकानात नेलं. दुपार होती. मास्तर मशिनीवर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "पाचवी का?"

"व्हय मास्तर," आई म्हणाली.

"जा बेटा. भिंतीला हाय बघ. तुझा कंचा त्यो तूच हुडक."

सगळ्याच मुली आपापला हुडकत असत, तशी तिथली रीतच होती, पण मला ते कुठं माहीत? मला वाटलं माझी फजिती करायची आहे. मी रागानं मधून सुरुवात केली आणि डावीकडं सरकत गेले. एकावन्न. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. सेहेचाळीसच्या खिळ्याला एकच शर्ट-स्कर्ट होता, तो मला गुडघ्याखाली आला असता. संपलं, असं म्हणून मी मागं वळणार, तेवढ्यात कपाटाच्या कोपऱ्यात अजून एक खिळा दिसला. बाकीचे खिळे गंजून तांबडे झालेले, हा एकटा चकचकीत. आणि त्याला एकावर एक कपडे अडकवलेले. खाली लिहिलं होतं, ४३.

मी वरचा काढून अंगाला लावला. बाही मनगटापाशी. स्कर्ट गुडघ्यापाशी. मला तोपर्यंत आयुष्यात कुठलाही तयार कपडा तसा आला नव्हता.

"हे किती आहेत?" मी विचारलं.

"सात," मास्तर म्हणाले.

आसपास म्हणाले नाहीत. तेव्हा मला त्यांची खोड माहीत नव्हती, म्हणून काही वाटलं नाही.

मग ते मशीन थांबवून माझ्याकडं बघायला लागले. "ह्या कागदापरमानं काय हुतं बेटा, की त्या टोकाला दरसाल अर्धी पोरगी येती. आता अर्ध्या पोरीला शर्ट कसा शिवावा? म्हनून आमी पुरा शिवतो. सात सालं झाली शिवतोय, कुनी आलंच न्हाय." त्यांनी कानावरचा खडू काढून माझ्याकडं रोखला. "लई उशीर केलास तू."

मी चक्क म्हणाले, "चुकलं."

कॉलरच्या आत शाईनं साल घातलेलं होतं, सातांवर सात सालं. सगळ्यांत जुन्याचा निळा रंग पार उतरलेला, पुढचे जरा कमी उतरलेले, शेवटचा कोरा. मी एकेक उलगडून साल वाचलं. या साली मी अंगणवाडीत होते, या साली पहिलीत. त्या वेळी उमरग्यात एक माणूस माझा शर्ट शिवत होता. आई दाराकडं तोंड करून उभी होती. मला वाटलं रस्त्यावर काही बघतेय.

सोमवारी मी शाळेत गेले. हसल्या की मुली, का हसणार नाहीत! पण प्रत्येकीकडं एकच गणवेश होता आणि माझ्याकडं सात. पुढच्या बाकावरची एक जास्तच दात काढायला लागली, तेव्हा मी तिला विचारलं, "माझ्यासाठी सात वर्षं शिवत होते. तुझ्यासाठी किती?" त्यानंतर दहावीपर्यंत माझी शाळा एक दिवस चुकली नाही. आईची ड्युटी संपेपर्यंत रोज संध्याकाळी मी मास्तरांच्या दुकानात बसायचे, गुंड्या वेगळ्या करायचे, आणि त्या पिवळ्या कागदावरचा डोंगर वहीत काढत राहायचे.

त्या डोंगरापायीच मी संख्याशास्त्र घेतलं. आता धाराशिवला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, फळ्याखाली लाकडी चौरंग ठेवून त्यावर उभी राहून. दरवर्षी प्रसामान्य वितरण आलं की मास्तर सांगते, सीताफळं सांगते, पोरं खूश होतात. काही वर्षांमागं एकदा म्हटलं, चला, मास्तरांचेच आकडे घेऊ. मध्य त्रेपन्न, विचलन अडीच, दोनशे मुली. त्रेचाळीस इंचाच्या किती मुली अपेक्षित? मला उत्तर माहीत होतं. अर्धी. मी फळ्याकडं पाठ करून वाट बघत होते, उत्तर आलं की अर्ध्या पोरीचा शर्ट कसा शिवायचा हे विचारायचं म्हणून.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, चार विचलनं खाली येतंय. तीस हजारात एक. म्हणजे त्या शाळेत दीडशे वर्षांत एखादी."

"परत कर," मी म्हटलं.

तिनं परत केलं. मग मी केलं. तेच आलं. अर्धी मुलगी यायची ती सेहेचाळीसला, त्या गंजक्या खिळ्याला. तीन इंच खाली उतरलं की कुणीच नाही. आणि मास्तर या गणितात चुकणारे नव्हते. तीस मुलींवरून दोनशेंचे कपडे शिवणारा माणूस अर्धी आणि दीडशे वर्षं यांत गफलत करेल? मी चौरंगावरून उतरले आणि खुर्चीत बसले. चकचकीत खिळा आठवला. आणि त्याच मे महिन्यात माझा घरातला एक जुना फ्रॉक हरवला होता, ते आठवलं. उंदरानं कुरतडला, टाकून दिला, असं आई म्हणाली होती.

रविवारी उमरग्याला गेले. शाळा तेव्हा तयार कपडे घ्यायला लागली होती, दुकान असंच नावाला उघडं. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नव्हते. आवाजावरून ओळखलं मला. "ये बेटा, बस."

"मास्तर, गणित चुकलं तुमचं."

"कंचं?"

"त्रेचाळीसला अर्धी पोरगी येत नाही. दीडशे वर्षांत एक येते."

"तू काडलंस?"

"माझ्या वर्गातल्या एका पोरीनं."

"पास कर तिला," मास्तर म्हणाले, आणि हसायला लागले. मग म्हणाले, "तुझी आई फ्राक घेऊन आली हुती. लई रडत हुती बिचारी. म्हनली, मास्तर, एवढ्या मापाचा एक शिवून द्या. आता एक शिवला आसता तर तू काय म्हनली आसतीस? माझ्यापायी येगळा शिवला. पुन्ना तीच गत. म्हनून म्हनलं, सात शिवू."

"आन् धुतले कुनी?" खाला आतून ओरडली. "आठ रोज सोड्यात घालू घालू धुतले म्या! कुनाला दहा डाव, कुनाला पाच डाव. हात सोलले माझे! ते कुनी इचारत न्हाय."

मी तिथं मशिनीला डोकं टेकून रडले. लाज वाटली नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीच्या जोरावर मी ताठ चालत आले, ती या तिघांनी मिळून एका आठवड्यात शिवलेली होती.

"खोटं कशाला बोललात पण?" मी म्हटलं.

"खोटं?" मास्तर खरंच दुखावले. "सात म्हनलं. सातच हुते."

थोड्या वेळानं त्यांनी चाचपडत पायाशेजारची पत्र्याची ट्रंक पुढं ओढली. "मातर तुझ्या मागनं खरंच शिवला. दरसाल एक. हात लावून बग."

मी उघडली. त्रेचाळीस इंची शर्ट, त्रेचाळीस इंची स्कर्ट, घडी घालून, कॉलरमध्ये साल. मधे शाळेनं गणवेशाचा रंग बदलला होता, तसा ट्रंकेतलाही बदललेला. शेवटच्या दोनांची शिलाई वाकडी होती.

"अहो मास्तर, कुणी यायला दीडशे वर्षं लागतील!"

"दीडशेच्या आसपास," मास्तर म्हणाले. "उद्या बी येईल."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आईला फ्रॉकाचं विचारलं तर आजही सांगते, उंदरानंच कुरतडला. खाला मुलाकडं हैदराबादला गेली, जाताना ट्रंक माझ्याकडं देऊन गेली. मला शिवता येत नाही. दर मे महिन्यात मी कपड्यांना ऊन दाखवते आणि आमच्या कॉलनीतल्या शिलाईवाल्या बाईंकडून तेवढ्या मापाचा आणखी एक शिवून घेते. यंदा त्यांनी कापड मोजता मोजता विचारलं, "मॅडम, एवढंसं माप, आन् पाचवीचा गणवेश? कुणाचाय हो?"

मी म्हटलं, "यायचीय ती."